कोरी पाठ

"भिंतीकडं त्वांड करा," वस्ताद म्हणाले.

आम्ही पिंपळेश्वर तालमीची फुटबॉलची सगळी पोरं उघड्या अंगानं भिंतीकडं तोंड करून उभी राहिलो. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडल्यावर पोलीस उभं करतात तसं. बाहेर पाऊस लागलेला, आत एक ट्यूब, समोर भिंतीवरचा मारुती. वस्ताद एका टोकानं निघाले. ज्याच्या पाठीला कुस्तीच्या हौद्यातली लाल माती लागली असेल त्याला "लाल" म्हणायचे, नसेल त्याला "कोरी". कोरीवाल्याला थंडाई आधी. लालवाल्याला उरलेली, आणि उरलेल्या थंडाईत बदामापेक्षा पाणी जास्त.

माझ्यामागं जरा जास्तच वेळ थांबले.

"ह्यो तर निम्मा हौदाच घरला घिऊन चाललाय," म्हणाले. "नाव काय तुझं?"

"विश्वजित इंगवले."

"अंगापरास नाव जड हाय की. काडी म्हणू तुला."

त्या दिवसापासून मी काडी. आता पोटाचा घेर बघून कुणाचा विश्वास बसत नाही, पण कोल्हापुरात जुनी माणसं मला अजून त्याच नावानं हाक मारतात.

दस्तगीर वस्ताद तेव्हा सत्तरीला टेकलेले. तालमीला लागून एक खोली होती, तिच्यात एकटेच राहायचे. हौद्याची माती उकरणं, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालणं, एवढंच त्यांचं आयुष्य. आणि आम्ही म्हणजे तालमीच्या नावानं फुटबॉल खेळणारे. आमच्यात प्रत्येक पेठेची तालीम, आणि प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम. कुस्ती संपली, नाव राहिलं. आम्ही 'तालमीची पोरं' म्हणून छाती काढून फिरायचो आणि हौद्यात कधी पाय टाकलेला नसायचा. गेलोच तर गणपतीची आरास ठेवायला.

त्या उन्हाळ्यात सीझनच्या शेवटच्या स्पर्धेत बुरूज तालमीनं आम्हाला अक्षरशः ढकलून हरवलं. त्यांच्या बॅकनी नुसता खांदा लावला की आमचा माणूस आडवा. पुढं पावसाळा. पावसाळ्यात मैदानं पाण्याखाली, फुटबॉल बंद, दिवाळीनंतर पुन्हा चालू. ते मधले महिने आम्ही खायचं, झोपायचं, टीव्हीवर परदेशी मॅच बघून त्यांच्या खेळाडूंना शिव्या द्यायच्या आणि दिवाळीला पोट घेऊन मैदानावर यायचं, अशी आमची तयारी असायची.

तर जूनमध्ये तालमीची मीटिंग लागली. अध्यक्ष बाळनाना सरनाईक. गडी मनानं वाईट नव्हता, पण त्याला फरशीचा नाद. देवळात फरशी, गल्लीत फरशी, स्वतःच्या गोठ्यात फरशी. म्हशी घसरायच्या.

"हौदा बुजवायचा," नाना म्हणाले. "वर फरशी, मशिनची व्यायामशाळा. वस्तादांच्या खोलीत आरसे लावू. हौद्यात उतरतंय कोण आता? दोन पोरं आणि एक मांजर."

"मांजर माझं हाय," वस्ताद मागनं म्हणाले.

कुणीतरी हसलं. वस्ताद उठून उभे राहिले. मीटिंगमध्ये ते बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नाना, ही बॉलवाली पोरं पावसाळाभर मला द्या. धक्का लागला की पडत्यात. माझ्याकडनं गेल्यावर पडायची न्हाईत. पडली तर हौदा बुजवा, मीच मातीची पयली पाटी टाकतो."

नानांनी विचार केला. सगळी पेठ बसलेली. नाही म्हणायची सोय नव्हती.

"दिवाळीनंतरची पहिली स्पर्धा जिंका, हौदा राहतोय," नाना म्हणाले. "हरलासा तर फरशी. आणि खोली पण गेली. शब्द म्हणजे शब्द."

"मंजूर."

"सर, तुमचं काय मत?" नानांनी आमच्या कोचला विचारलं.

आमचे कोच संग्राम अतिग्रे. बंगळूरला जाऊन कोचिंगचा कोर्स करून आलेले, हुशार, शर्ट कायम खोचलेला. ते म्हणाले, "ऑफ सीझनमध्ये ताकदीवर काम व्हायलाच पाहिजे." त्यांना मशिन म्हणायचं होतं. पण टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी सगळे फुटबॉल गोळा केले, कपाटात घातले, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. सर म्हणाले, "वस्ताद, आठवड्यातनं दोन दिवस तरी बॉल द्या." वस्ताद म्हणाले, "बॉल कुटं जातोय? त्यो गोलच हाय, गोलच ऱ्हाईल." सरांनी शनिवार तेवढा मागून घेतला, वरच्या हॉलमध्ये डावपेच शिकवायला.

बाकी सहा दिवस आम्ही मातीत. आधी फावड्यानं हौदा उकरायचा. मग जोर, बैठका. मग जोड्या. पैलवानी लांग नेसायचा प्रश्न निघाला, त्यावर पोरांनी साफ नकार दिला. शेवटी चड्डीवर तडजोड झाली. माझी जोडी लावली नंद्या मगदूमशी. नंद्या आमचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा राखणदार. बापाचं मटणाचं दुकान, आणि दुकानातलं निम्मं हाच खातोय असं गल्लीत म्हणायचे. मी राईट आऊट, कडेनं पळणारा. माझं सगळं भांडवल पाय. हौद्यात पळायला जागा नसते. नंद्या मला पकडायचा, उचलायचा आणि पाठीवर ठेवायचा. आपटायचा नाही हो, ठेवायचा. एकदा तर माझ्या छातीवर बसल्या बसल्या त्यानं जांभई दिली.

"लाल," वस्ताद म्हणायचे. रोज. आषाढ गेला, श्रावण आला, नंद्यानं श्रावण पाळला, मटण सोडलं, तरी माझी पाठ लाल. घरी आई म्हणायची, "ह्या बनियनला काय हळदीकुंकवाला नेतोस का काय?"

मला त्याचं खरंच वाईट वाटायला लागलं होतं. थंडाईचं नव्हे. एकदा तरी त्यांनी मागं थांबून "कोरी" म्हणावं, एवढंच डोक्यात बसलेलं. म्हणून मी सगळ्यांच्या आधी तालमीत जायला लागलो. वस्ताद मातीत ताक शिंपडत असायचे. मी फावडं घ्यायचो. मग ते थोडं थोडं शिकवायचे.

"हवेत असतानाच ठरवायचं, कुटल्या अंगावर यायचं. हात, गुडघा, खांदा, डोस्कं, काय बी चालतंय. पाठ सोडून."

"हवेत एवढा वेळ असतोय कुठं, वस्ताद?"

"डोस्क्याला नसतोय. अंगाला असतोय. अंगाला शिकीव."

आणि शिकवायचे. मान मातीत रोवून पूल करायचा, पोट आभाळाकडं. त्यावर ते पाय ठेवून उभे राहायचे आणि मारुतीला उदबत्ती लावायचे. मारुतीची पूजा तालमीत तेच करायचे, आधीच्या वस्तादांनी सांगून ठेवलं होतं म्हणून. शुक्रवारी नमाजाला जायचे, शनिवारी मारुतीला तेल घालायचे.

एकदा मी विचारलं, "खोली गेली तर कुठं जाणार तुम्ही?"

"सलीम हाय की इचलकरंजीला. पोरगा चांगला हाय. कवाचा बोलवतोय. चवथ्या मजल्यावर फ्लॅट हाय."

"मग बरंय की."

"गेलतो चार दिवस. तिथं जमीनच न्हाई रं. खाली बी कुणीतरी ऱ्हातंय."

एवढं बोलून ते माती चाळायला लागले. तो चौथा मजला माझ्या डोक्यातनं गेला नाही.

शनिवारी वर सर शिकवायचे. सर शिकवायचे चांगलं, ते म्हटलं पाहिजे. एका शनिवारी त्यांनी फळ्यावर गोलसमोरची चौकट काढली. आमच्यात तिला डी म्हणतात.

"डीत पाय लागला की उभं राहायचं नाही," सर म्हणाले. "उभं राहिलात तर रेफ्रीला फाऊल दिसत नाही. पडलात तर पेनल्टी, म्हणजे निम्मा गोल. हे नाटक नव्हे. समोरच्यानं पाडलेलंच असतं. ते फक्त दिसलं पाहिजे."

आणि करून दाखवलं. गादी अंथरली, दोन पावलं पळाले आणि हात पसरून असे काही पडले की तालमीचा कारकून पाण्याचा तांब्या घेऊन पळत आला. सर उठले, शर्ट पुन्हा खोचला.

वस्ताद दारात उभे होते.

"आमच्यात पाडल्यावर बी दिसू द्यायचं नसतंय," ते म्हणाले.

"वस्ताद, तुमचा खेळ वेगळा, आमचा वेगळा."

"त्ये बी खरंच," वस्ताद म्हणाले आणि खाली गेले. भांडण नाही, काही नाही. मी दोघांचंही ऐकलं. गादीवर चार वेळा पडलो. सर म्हणाले, "विश्वजित, तुझं टायमिंग झकास आहे." माझ्या आयुष्यात पडण्याबद्दल झालेलं ते एकमेव कौतुक.

दिवाळी झाली. कपाटाचं कुलूप निघालं. पहिले काही दिवस बॉल आमच्याकडं ओळख नसल्यासारखा वागला, मग बसला पायाला. आणि स्पर्धा सुरू झाली तशी पेठेत चर्चा. समोरचा खांदा लावतोय आणि तोच बाजूला पडतोय. नंद्याला तर कुणी हलवेना. एका मॅचला त्याला धडकून समोरचा फॉरवर्ड उठला आणि त्यालाच "सॉरी" म्हणाला. आम्ही फायनलला आलो. समोर बुरूज.

फायनलच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडला. मैदानाचा चिखल. आमची जर्सी पांढरी. गॅलरी तुडुंब, दोन्ही पेठांचे झेंडे, हलगी, ताशा. नाना पुढच्या रांगेत. त्यांच्या शेजारी फरशीवाला बसलेला मी स्वतः पाहिला. हिशेबाला आला होता का मॅचला, देव जाणे. वस्ताद वर, दगडी पायऱ्यांवर. एरवी मॅचला आले की डुलक्या काढायचे, आज ताठ बसलेले. सकाळीच बदाम भिजत घातलेत, असं नंद्या म्हणाला.

मॅच शून्य-शून्य. घसरून घसरून जवळजवळ सगळ्यांच्या पाठी चिखलानं काळ्या झालेल्या. शेवटची काही मिनिटं राहिली असतील. नंद्यानं मागनं लांब बॉल मारला. मी कडेनं सुटलो. एक बॅक मागं पडला, दुसरा घसरला. मी डीत शिरलो. पुढं फक्त गोलकीपर.

आणि डावीकडनं त्यांचा स्टॉपर आला. बॉलला नाही, सरळ माझ्या पायाला. नडगीवर असा बसला की मी उचललाच गेलो.

फाऊल. शंभर टक्के फाऊल. आंधळ्यानंही दिला असता. मी हवेत असतानाच रेफ्रीची शिट्टी तोंडात गेलेली मला दिसली. सरांचं सगळं आठवत होतं. हात पसरायचे, पाठीवर यायचं, नडगी धरायची.

मी पडलो नाही.

काय झालं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. म्हणे, मी हवेत वळलो, एक हात टेकला, मग डोकं टेकलं, डोक्यावरनं पूल झाला, आणि पलीकडं दोन पायांवर उभा. बॉल गोलकीपरच्या हातात. रेफ्रीनं माझ्याकडं बघितलं. मी उभा. त्यानं शिट्टी तोंडातनं काढली आणि हातानं खूण केली, खेळ चालू.

तेवढ्यात माझी नजर वर गेली. वस्ताद उठून उभे होते. दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोईचा पटका सुटून खांद्यावर आलेला. त्या गलक्यात काय ऐकू येणार? पण माणूस आयुष्यात पहिल्यांदा मॅचला उठून उभा राहिलाय, एवढं मला कळलं. मला वाटलं, खूश झाले. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. एक क्षणभर.

कारण गोलकीपरनं तोच बॉल पुढं मारला होता, आणि आमचे सगळे पेनल्टी मिळणार म्हणून डीजवळ गोळा झालेले. मागं नंद्या एकटा. समोर तिघं. गोल.

हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सर माझ्यासमोर बसले आणि अगदी हळू विचारलं, "पडला का नाहीस?"

"माहीत नाही, सर."

"नडगी बघू." नडगी कोंबडीच्या अंड्याएवढी सुजलेली. सरांनी तिच्यावर बर्फ धरला. "एवढं लागून उभा राहतोस, लेका. पडला का नाहीस?"

नाना आले, त्यांनी पण तेच विचारलं. बाहेर सायकल स्टँडवाल्यानं तेच विचारलं. घरी आईनं विचारलं. पुढं माझ्या लग्नात सासऱ्याच्या मित्रानं अक्षता टाकता टाकता विचारलं. त्या सगळ्यांना मी "माहीत नाही" म्हणालो, आणि ते खरंच होतं.

मी लंगडत तालमीत गेलो. जायला पाय उचलत नव्हते. त्या माणसाचं घर माझ्यामुळं गेलं होतं, आणि तोंड न दाखवता पळून जाणं मला जमत नव्हतं. वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले. शेजारी थंडाईचं पितळी पातेलं, वर ताट झाकलेलं.

"वस्ताद," मी म्हणालो. रडू येत होतं.

"भिंतीकडं त्वांड कर."

मी केलं. मारुतीसमोर उभा राहिलो. ते मागं आले. मग त्यांचा हात पाठीवरनं मानेपासून कमरेपर्यंत फिरला. पांढरी जर्सी, चिखलाचं मैदान, आणि सगळ्या टीममध्ये एकट्याची.

"कोरी," वस्ताद म्हणाले.

पातेल्यावरचं ताट काढलं, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी प्यालो. बदाम भरपूर होते. तोवर एकेक पोरगा येत गेला. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. पण कुणी काही न सांगता सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि वस्ताद एकेकाच्या मागं थांबून "लाल" म्हणत गेले. खरं तर काळी होती, पण तसा शब्द त्यांच्याकडं नव्हता.

नानांनी शब्द पाळला. पंधरवड्यात माणसं आली. पहिली पाटी वस्तादांनी टाकली, बोलल्याप्रमाणं. हौद्यातली माती एका नर्सरीवाल्यानं नेली. त्या वर्षी त्याचे गुलाब जोरात आले, असं ऐकलं. फरशी मात्र चांगली बसवली, अजून हललेली नाही.

सलीमभाई छोटा टेम्पो घेऊन आले. सामान ते काय, एक ट्रंक, पातेलं, गादी. मांजर नंद्याच्या दुकानात गेलं होतं, त्याचं भलं झालं होतं. ट्रंक मी उचलली. नुसती ओढून चालेना, म्हणून पाठीवर घेतली आणि टेम्पोपर्यंत नेली. सलीमभाई दोरी आणायला समोरच्या दुकानात गेले.

"काडी," वस्ताद म्हणाले. "एक सांगू? मी हाय तवर कुणाला बोलू नगंस."

"नाही बोलत."

"तू हवेत हुतास, तवा मी उठलो."

"पाहिलं मी. हात वर केले होते तुम्ही."

"काय वरडलो ठावं हाय?"

"उभा राहा म्हणून."

वस्ताद टेम्पोच्या फाळक्याला धरून उभे होते. फाळक्याकडंच बघत म्हणाले, "पड म्हणून वरडलो. पड रं पोरा, पड. सगळ्या गॅलरीत पयला मीच."

मी ट्रंक टेम्पोत आत सरकवली.

"सगळा जलम पोरास्नी सांगत आलो, पाठ टेकू नगा. आन माझ्यावर येळ आली तवा ह्यो हौदा दिसाय लागला डोळ्याम्होरं. ती खोली दिसाय लागली." मग म्हणाले, "बरं झालं तुला ऐकू आलं न्हाई."

"आलं असतं तरी जमलं नसतं, वस्ताद."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. विचार केला. डाव बरोबर आहे की चूक, ते बघताना करायचे तसा.

"न्हाईच जमलं नसतं," म्हणाले.

सलीमभाई दोरी घेऊन आले. "चला अब्बा, ऊन वाढतंय."

"आलो. काडी, वळ."

मी तालमीच्या भिंतीकडं तोंड केलं. ट्रंकेच्या बुडाला हौद्यातली माती होती, ती सगळी माझ्या शर्टाला लागलेली. मला ती दिसत नव्हती. त्यांनी तळहातानं ती झाडली, दोनदा झाडली, खांद्यापाशी राहिलेली नखानं काढली, आणि मग टेम्पोत चढून बसले.